वजनाचं ऑपरेशन झालं, आता भाकरी कधी खायची?

माझी स्लीव्ह सर्जरी, म्हणजे वजनासाठी पोट छोटं करायचं ऑपरेशन, होऊन दोन वर्षं झाली. ऑपरेशनला गेले तेव्हा ११८ किलो होते, आता ७६-७७ च्या मधे काटा हलत असतो. डिस्चार्जच्या दिवशी हातात एक इंग्रजी कागद मिळाला, त्यात ग्रीक योगर्ट, टोफू, ब्रोकोली सूप असलं सगळं, सासूबाईंनी तो कागद उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "यात भाकरी कुठंय गं?" नव्हतीच. सोलापूरच्या घरात भाकरी, शेंगा चटणी, आमटी सोडून माणूस किती दिवस राहणार? म्हणून हे लिहितेय, ज्यांचं नुकतंच झालंय किंवा पुढच्या महिन्यात आहे त्यांच्यासाठी. एक आधीच सांगते, तुमच्या सर्जननी आणि डाएटिशियननी दिलेलं वेळापत्रक आणि माझं यात फरक असला तर त्यांचंच धरायचं, कारण प्रत्येकाचं ऑपरेशन आणि प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं.

आधी आत काय झालंय ते समजून घ्या

स्लीव्हमधे पोटाचा साधारण पाऊण भाग, थोडा जास्तच, कापून काढतात आणि केळ्यासारखी एक नळी उरते. बायपास हा वजनाच्या ऑपरेशनचा दुसरा प्रकार, त्यात पोटाच्या वरच्या भागाची एक छोटीशी पिशवी करतात आणि आतडं तिथं आणून जोडतात, म्हणजे अन्न पुढचा थोडा रस्ता टाळूनच जातं, त्यामुळं व्हिटॅमिन कमी पडायचा धोका त्यात जास्त. तुमचं कुठलं झालंय ते नीट विचारून लिहून ठेवा, मला असे दोघं भेटलेत ज्यांना स्वतःचं ऑपरेशन कुठलं तेच माहीत नव्हतं. एका कार्डावर ऑपरेशनचं नाव, तारीख, सर्जनचा नंबर लिहून पाकिटात ठेवायचं, कधी दुसऱ्या दवाखान्यात जायची वेळ आली तर सगळ्यात आधी ते दाखवायचं.

स्लीव्हमधे जो भाग काढतात त्यातच भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन जास्त तयार होतं, म्हणून पहिले काही महिने भूक लागतच नाही. मला वाटलं मी जिंकले! तसं नसतं. भूक नाही म्हणून जेवण चुकवलं की प्रोटीन जातं, आणि मग केस, अंगातली ताकद सगळंच जातं. तेव्हा घड्याळ बघून खायचं. माझी भूक नवव्या-दहाव्या महिन्यात परत आली, मी घाबरून डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले अहो हे व्हायचंच होतं.

पहिले दोन आठवडे: फक्त पातळ

पहिले एक-दोन दिवस नितळ पाणी, नारळपाणी, गाळलेलं सूप, मग पुढं दाट पातळ पदार्थ. औषधाचं ३० मिली मावेल असं मापाचं टोपण घ्या, तेच तुमचं भांडं. दर पंधरा मिनिटाला एक टोपण, घोट घोट करून. हिशोब सोपा आहे, तासाला १२० मिली, दिवसाचे चौदा तास धरले तर दीड लिटरच्या वर जातं. मोबाईलवर अलार्म लावला होता मी, घरातले वैतागले पण काम झालं.

काय प्यायचं? गाळलेलं मुगाचं कढण, वरणाचं वरचं पाणी, पातळ ताक, दूध चालत असेल तर साय काढलेलं दूध. आणि आपलं हुलग्याचं माडगं! अगदी पातळ, गूळ न घालता, मिठाचं केलेलं आणि गाळून. दाट पातळ सुरू झाल्यावर मला डाएटिशियननी चालेल म्हणून सांगितलं, तुम्ही तुमच्याकडे विचारा. हुलग्यात प्रोटीन चांगलं असतं आणि आजारी माणसाला माडगं द्यायची आपल्याकडं पद्धतच आहे, तर घरच्यांना पण बरं वाटतं की काहीतरी ओळखीचं पोटात चाललंय. तिखट मात्र नाही. काळा मसाला, शेंगतेल, लसूण-मिरचीची फोडणी, सगळं बाजूला.

प्रोटीन पावडर या दिवसात बहुतेक सगळ्यांना देतात. व्हॅनिला वासाची मला दुसऱ्या दिवशीच नको झाली, मग बिनवासाची आणून पातळ वरणात मिसळायला लागले. वरण फार गरम असलं की गुठळ्या होतात, कोमट झालं की टाका.

तिसरा-चौथा आठवडा: वाटलेलं

इथं सोलापूरकर नशीबवान आहेत, कारण गरगट्टा आपल्याकडं आहेच. पालेभाजी आणि डाळ एकत्र शिजवून घोटलेली, त्यात शेंगदाण्याचा कूट आणि फोडणी वगळली की झालं तुमचं जेवण. चक्का म्हणजे टांगून पाणी काढलेलं दही, तेच ते ग्रीक योगर्ट, घरच्या फडक्यात बांधलं की फुकटात होतं. मऊ शिजवून वाटलेली मुगडाळ, मिक्सरमधे फिरवलेलं उकडलेलं अंडं थोड्या दह्यात, चिकन खाणारे असाल तर शिजवून वाटलेलं चिकन सूपमधे. एका वेळेला दोन-तीन चमचे, फार तर चार. चमचा पोह्यांचा नाही, लहान मुलाचा.

पाचवा ते आठवा आठवडा: मऊ

मऊ ऑम्लेट, कुस्करलेलं पनीर, मोड आणून मऊ शिजवलेली मूग-मटकी, दुधी, भोपळा, मासे. ज्वारीच्या कण्या ताकात मऊ शिजवून दोन चमचे. पण क्रम लक्षात ठेवायचा, आधी प्रोटीन, मग भाजी, आणि जागा उरली तर धान्य. आपण आयुष्यभर उलटं जेवलोय, भाकरी मधोमध आणि बाकी तोंडी लावायला, हा उलटा क्रम मोडायला मला तीन महिने लागले.

एक घास वीस-पंचवीस वेळा चावायचा. जेवण वीस मिनिटं तरी चाललं पायजे, पण अर्ध्या तासाच्या पुढं रेंगाळायचं नाही. आणि जेवताना पाणी नाही. जेवायच्या आधी थोडा वेळ बंद, जेवल्यावर अर्धा तास बंद. हा नियम ऐकायला सोपा वाटतो, पण तांब्या-भांडं ताटाशेजारी ठेवायची सवय आहे आपल्याला, हात आपोआप जातो. मी तांब्याच दुसऱ्या खोलीत ठेवायला लावला.

हाताला घाई झाली की अन्न अडकतं. छातीच्या मधोमध दाब येतो, तोंडाला पाणी सुटतं, पांढरा फेस येतो. मला पहिल्यांदा झालं ते मऊ चपातीच्या एका तुकड्यानं, मी वरून पाणी प्यायले आणि अजून वाट लागली. पाणी प्यायचं नाही, उठून हळू हळू चालायचं, बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरतं किंवा उलटून पडतं. पण सतत उलट्या होत असतील, स्वतःची थुंकी पण खाली जात नसेल, तर "बघू उद्या" करू नका. जास्त दिवस उलट्या चालल्या तर बी-वन व्हिटॅमिन कमी होऊन नसांना आणि मेंदूला त्रास होऊ शकतो, त्याला उशीर परवडत नाही.

तर भाकरी

साधारण दोन-अडीच महिन्यानंतर, डॉक्टर हो म्हणाले की. गरम मऊ भाकरी, चपाती, ब्रेड, मऊ भात हे नळीत गोळा होऊन बसतं, बऱ्याच जणांना त्रास होतो. कडक भाकरी उलट चावून चावून भुगा होते आणि सरळ उतरते. मी कडक भाकरीचा चतकोर तुकडा पातळ मुगाच्या वरणात भिजवून खाल्ला तो दिवस मला अजून आठवतो, डोळ्यात पाणी आलं होतं, हसू नका.

पण त्यातच मेख आहे. जे सरळ उतरतं ते पोटात थांबत नाही, म्हणजे पोट भरल्याचं कळतच नाही आणि हात चालूच राहतो. कडक भाकरी, चिवडा, शेव, फरसाण, बिस्किट, ही सगळी घसरगुंडीची माणसं. ऑफिसात टेबलाच्या खणात कडक भाकरीचा पुडा ठेवून दिवसभर कुटूकुटू खाल्ली तर ऑपरेशन कितीही भारी झालेलं असू दे, वजन उतरायचं थांबणारच. ताटात बसून, मोजून, प्रोटीनच्या नंतर. एवढंच.

आणि शेंगा चटणी. दुखती रग आहे ही. "शेंगदाण्यात प्रोटीन असतं की" असं सगळे म्हणतात, बरोबरे, १०० ग्रॅममधे साधारण २५ ग्रॅम असतं, पण त्याच्यासोबत ४८-४९ ग्रॅम फॅट आणि साडेपाचशेच्या वर कॅलरी. म्हणून शेंगा चटणी चव म्हणून एक छोटा चमचा, सहा महिन्यानंतर, दह्यात कालवून. प्रोटीन म्हणून धरायची नाही.

साठ ग्रॅमचं गणित

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन सांगतात. मी शाकाहारी दिवशी असं बसवते: दूध एक कप ६, पनीर ५० ग्रॅमचं ९, घट्ट डाळ एक वाटी ६, चक्का वाटीभर ८, मोड आलेल्या मुगाची उसळ ७, आणि पावडरचा एक स्कूप २० ते २२. साठच्या जवळ जातं. अंडी खात असाल तर एकाला ६ धरा, सोपं होतं. हे सगळं एका वर्षानंतरचं, सुरवातीला एवढं पोटात मावतच नाही, तेव्हा पावडरवरच भिस्त असते आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. वाटी म्हणजे घरातली सगळ्यात छोटी, कोशिंबिरीची. आमच्याकडं ती माझी वाटी म्हणूनच ओळखतात आता, पाहुण्यांना दिली तर माझा मुलगा ओरडतो.

गड्ड्यातला धडा

पहिल्या संक्रांतीला मी चार महिन्यांची होते ऑपरेशनची. घरी गूळ-शेंगदाण्याची शेंगाची पोळी, सगळे म्हणाले अर्धी खा, सणाला नाही म्हणू नये. अर्धी खाल्ली, वर तूप. होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, बघायला निघालो आणि पंधरा मिनिटांत घाम, छातीत धडधड, पोटात कळ, हातपाय गार. पाळण्यांच्या शेजारी जमिनीवर बसले मी, नवरा म्हणतोय रिक्षा बोलावू का. याला डंपिंग म्हणतात, जास्त साखरेचं अन्न एकदम आतड्यात उतरतं तेव्हा होतं. बायपासवाल्यांना जास्त होतं पण स्लीव्हवाल्यांना पण होऊ शकतं. दुसरा प्रकार जेवल्यानंतर एक ते तीन तासांनी, तेव्हा साखर उलट खाली पडते, थरथर होते, डोळ्यापुढं अंधारी येते. उसाचा रस, सरबत, गोळी सोडा, आमरस, श्रीखंड हे त्या यादीत वरती. सोड्यानं गॅस होऊन दुखतं ते वेगळंच.

उन्हाळा

एप्रिल-मे मधे आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो आणि तुम्हाला एका दमात ग्लासभर पाणी पिता येत नाही, याचा विचार आधीच करून ठेवा. ज्यांचं ऑपरेशन मार्च-एप्रिलमधे आहे त्यांनी जास्तच. लघवी गडद पिवळी झाली, उभं राहिल्यावर गरगरलं, तोंड कोरडं पडलं की पाणी कमी पडतंय. मी माठातलं पाणी अर्ध्या लिटरच्या बाटलीत भरून गळ्यात अडकवते, चक्क शाळेच्या पोरांसारखी. मिठाचं पातळ ताक, लिंबू-मीठ पाणी बिनसाखरेचं चालतं. दुपारी बारा ते चार बाहेर नाही. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या चालू असतील तर वजन उतरताना त्यांचा डोस जास्त होऊन चक्कर येते, घरच्या मशीनवर मोजून डॉक्टरांना कळवायचं, स्वतः गोळी बंद करायची नाही आणि जुना डोस तसाच रेटायचा पण नाही.

चालणं, आणि पाण्याचा दिवस

चालायला ऑपरेशनच्या संध्याकाळीच उठवतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. घरी आल्यावर हॉलमधे, गच्चीवर पाच पाच मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. दोन आठवड्यांनी सलग पंधरा-वीस मिनिटं, दीड महिन्यापर्यंत अर्धा पाऊण तास. मी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं सकाळी सहाला जायचे, विजापूर रोडकडं राहणारे कंबर तलावाला जातात. उन्हाळ्यात सातच्या आत घरात. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढा वेग.

उचलायचं मात्र काही नाही, पहिले सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर नाही. आता हे सोलापुरात सांगायचं म्हणजे, आपल्याकडं नळ रोज येत नाही, आला की सगळं घर बादल्या घेऊन पळतं, आणि पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो. भरलेला गॅस सिलेंडर तीस किलोच्या आसपास. माझ्या ओळखीतल्या एकीनं तिसऱ्या आठवड्यात पाण्याच्या दिवशी दोन घागरी उचलल्या आणि पोटाची जखम दुखायला लागली, नशीब हर्निया नव्हता. ऑपरेशनच्या आधीच घरात ठरवून टाका पाणी कोण भरणार. वाटलं तर छोटा पंप, पाईप, शेजारचं पोरगं, काहीपण करा.

सहा-आठ आठवड्यांनी डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की ताकदीचा व्यायाम सुरू करायचा, आणि हा टाळायचा नाही. वजन भराभर उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायू पण जातात, नुसतं चालून ते थांबत नाही. जिम लागतच नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, भिंतीवर हात टेकून पुशअप, लिटरभर पाण्याच्या बाटल्या दोन हातात घेऊन वर-खाली, आठवड्यातून दोन-तीन दिवस. माझे गुडघे दुखायचे म्हणून मी खुर्चीपासून सुरवात केली, आता बादली एका हातानं उचलते. सूर्यनमस्कार, पोटाचे व्यायाम, कपालभाती हे तीन महिन्यांच्या आत विचारल्याशिवाय नको. चालणं आठवड्याला दीडशे मिनिटं कमीत कमी, वजन टिकवायचं असेल तर हळूहळू अडीचशे-तीनशेकडं न्यायचं.

गोळ्या आयुष्यभर

मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, डी, लोह, कॅल्शियम. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, दोन तासांचं अंतर, आणि लोहाची गोळी चहासोबत तर अजिबात नाही, चहा लोह शोषूच देत नाही. कॅल्शियम सायट्रेट प्रकारचं, एका वेळी ५००-६०० मिलिग्रॅम, दिवसातून दोन-तीनदा. रक्त तपासणी तीन, सहा, बारा महिन्याला आणि मग दरवर्षी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, कंगव्यात गुच्छ येतात, रडू येतं, पण प्रोटीन आणि लोह व्यवस्थित असलं की बहुतेकांचे परत येतात, माझे आले.

दुखलं की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन आणून खायची सवय बंद, पोटात अल्सर होतो, बायपासवाल्यांना विशेष. तंबाखू, मावा, सिगारेट, आणि बायकांनो मिश्री पण, तीच गत. दारू थोडीशी पण पटकन चढते. आणि ज्यांना मूल हवंय त्यांनी वर्ष-दीड वर्ष थांबायचं, वजन उतरलं की दिवस राहायची शक्यता उलट वाढते म्हणून गर्भनिरोधकाचं आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवायचं.

पहिल्या महिन्यात ताप, नाडी बसल्या जागी १२० च्या वर, पोटात किंवा डाव्या खांद्यात जोरात दुखणं, धाप, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, काळी संडास, यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना.

काटा आणि लोकं

काट्यावर आठवड्यातून एकदाच चढा. तिसऱ्या आठवड्यात काटा हलायचा थांबतो, जवळजवळ सगळ्यांचाच, मी नवऱ्याला म्हटलं पैसे पाण्यात गेले. दहा दिवसांनी परत सुरू झाला. एक-दीड वर्षानंतर थोडंसं वजन परत वाढणं पण बऱ्याच जणांना होतं, तेव्हा परत टोपण-वाटी-घड्याळाकडं यायचं आणि डाएटिशियनला भेटायचं, तोंड लपवायचं नाही.

लोकं काय, आधी म्हणायचे किती जाड झालीस, आता म्हणतात "काय गं, लई वाळलीस, शुगर-बिगर लागली का?" लग्नात पंगतीला बसले की वाढपी जिलेबी घेऊन डोक्यावर उभाच. सगळ्यांना ऑपरेशन सांगत बसायची गरज नाही, मी "पोटाचा त्रास आहे, डॉक्टरांनी बंद केलंय" एवढंच म्हणते, आपल्याकडं पोटाचा त्रास म्हटलं की सगळे गप्प बसतात, उलट औषध सांगायला लागतात. जाताना घरून एक उकडलेलं अंडं किंवा पनीरचे दोन तुकडे खाऊन जाते, तिथं वरण एक वाटी, मठ्ठा नंतर.

या जानेवारीत हुरड्याला गेलो होतो मंगळवेढ्याकडं. आगटीजवळ बसून मी एक मूठ हुरडा पाऊण तास चावत होते, गूळ नाही, शेव नाही, नुसतं दही. शेजारी भाऊ तिसरं ताट संपवत म्हणाला, "काय बे, एवढंच?" म्हटलं एवढंच, आणि बाटली उघडून एक घोट घेणार तेवढ्यात आठवलं, अर्धा तास झाला नव्हता.